अलीगढ की जामिया? — मरहूम डॉ. झाकीर हुसेन यांच्या जीवनातील एक निवड



दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आपल्या छत्रपती संभाजीनगरातील (औरंगाबादेतील) कितीतरी मुस्लिम घरांत एकच चर्चा सुरू होते. मूल हुशार आहे, बाहेरगावी शिकायला पाठविण्याची घरच्यांची तयारी आहे. मग अलीगढ मुस्लिम विद्यापीठ निवडावे की दिल्लीची जामिया मिल्लिया? दोन्ही ठिकाणी प्रवेशपरीक्षेची चाळणी कडक. अल्लाहच्या कृपेने दोन्हीकडे नाव लागलेच, तर वडीलधाऱ्यांची मते फुटतात. मामू अलीगढचे नाव घेतात, चाचा जामियाचे. ज्याला शिकायचे आहे त्याला मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

अशा प्रत्येक घराने भारताचे तिसरे राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांच्या विद्यार्थिदशेकडे एकदा नजर टाकावी. हीच दोन नावे त्यांच्याही पुढे उभी राहिली होती. फरक इतकाच की, त्या वेळी एका पारड्यात मान्यताप्राप्त पदवी होती आणि दुसऱ्यात पदवीची शाश्वतीच नव्हती.

झाकीर हुसेन यांचा जन्म 8 फेब्रुवारी 1897 रोजी हैदराबादेत झाला. आपला मराठवाडा तेव्हा ज्या निजामी राज्यात होता, त्याचीच ही राजधानी. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील फरुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचे. वडील फिदा हुसेन खान यांनी हैदराबादेत वकिलीत चांगले नाव मिळविले. परंतु 1907 मध्ये त्यांचे निधन झाले आणि कुटुंब कायमगंजला परतले. मुलांना इटाव्याच्या इस्लामिया हायस्कुलात घालण्यात आले. 1911 मध्ये प्लेगने आईही गेली. चौदा वर्षांच्या या पोरक्या मुलापाशी पुढे जाण्यासाठी शिक्षणावाचून दुसरा आधार उरला नाही.

1913 मध्ये ते मॅट्रिक होऊन अलीगढला आले. सर सय्यद अहमद खान यांनी उभारलेले मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज तेव्हा स्वतंत्र विद्यापीठ झालेले नव्हते. पदवी अलाहाबाद विद्यापीठाची मिळे. झाकीर हुसेन यांना डॉक्टर व्हायचे होते. म्हणून ते अलीगढ सोडून विज्ञान शिकण्यासाठी लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात गेले. तेथे आजारपणाने गाठले आणि तो बेत सोडावा लागला. ते अलीगढला परतले, विषय बदलले आणि 1918 मध्ये बी.ए. झाले. वाचकहो, ही गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. राष्ट्रपतिपदापर्यंत पोहोचलेल्या या माणसाची पहिली निवड तडीस गेली नव्हती. कॉलेज बदलले, विषय बदलले, वेळही गेला. पण म्हणून आयुष्य वाया गेले नाही.

खरी कसोटी पुढेच होती. एम.ए. व कायद्याचा अभ्यास सुरू असतानाच अलीगढमध्ये अध्यापनाचे काम त्यांना मिळाले होते. नोकरी, प्रतिष्ठा आणि ओळखीचे वर्तुळ, सारे जुळून आले होते. अशातच ऑक्टोबर 1920 मध्ये महात्मा गांधी आणि अलीबंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्था सोडा, असा असहकाराचा संदेश त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवला. 29 ऑक्टोबर 1920 रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. झाकीर हुसेन यांनी कॉलेज सोडले व जामियाची वाट धरली. त्यांचे वय होते 23.

त्यांनी काय सोडले ते नीट पाहा. त्याच वर्षीच्या कायद्याने अलीगढचे कॉलेज 1 डिसेंबरपासून विद्यापीठ होणार होते. जामियाकडे स्वतःच्या इमारती नव्हत्या, सरकारी अनुदान नव्हते आणि तिच्या पदवीवर सरकारी नोकरीची आशा धरता येत नव्हती. अलीगढमध्ये राहिलेल्यांनी चूक केली, असे मात्र कोणी समजू नये. घरच्या जबाबदाऱ्या ज्याच्या त्यालाच ठाऊक असतात. आणि राहिलेल्यांतूनही कौमची व देशाची सेवा करणारी माणसे निघाली.

1922 मध्ये झाकीर हुसेन उच्च शिक्षणासाठी बर्लिनला गेले व अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. इकडे 1924 मध्ये तुर्कस्तानातील खिलाफत संपुष्टात आली आणि खिलाफत समितीकडून जामियाला मिळणारा पैसा आटला. 1925 मध्ये संस्था दिल्लीत करोल बागेत हलविण्यात आली. ती बंद करावी, असाही विचार पुढे आला होता. अशा वेळी, 1926 मध्ये, डॉ. आबिद हुसेन व प्रा. मुहम्मद मुजीब या सहकाऱ्यांसह ते परत आले आणि वयाच्या 29व्या वर्षी जामियाचे कुलगुरू झाले. पुढे त्यांनी व सहकाऱ्यांनी 20 वर्षे जामियाची सेवा करण्याची आणि दरमहा 150 रुपयांहून अधिक वेतन न घेण्याची प्रतिज्ञा केली. बर्लिनची डॉक्टरेट असलेल्या माणसाला याहून मोठा पगार कोठेही मिळाला असता. ते 22 वर्षे त्या पदावर राहिले.

याच काळात, 1937 मध्ये, आपल्या महाराष्ट्रातील वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून व मातृभाषेतून शिक्षण देणारी मूलोद्योग शिक्षणाची योजना आखण्यासाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

आणि आता नियतीचा खेळ पाहा. फाळणीनंतर अलीगढ विद्यापीठावर मोठे संकट आले. अनेक अध्यापक व विद्यार्थी पाकिस्तानात गेले होते. मागे राहिलेल्यांकडे संशयाने पाहिले जात होते. 1948 मध्ये या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी डॉ. झाकीर हुसेन यांची नेमणूक झाली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्या दारातून ते बाहेर पडले होते, त्याच दारातून ते ती संस्था सावरण्यासाठी आत आले. 1956 पर्यंत त्यांनी ते काम केले. बिहारचे राज्यपाल, उपराष्ट्रपती, भारतरत्न आणि 13 मे 1967 पासून राष्ट्रपती, हे सन्मान त्यानंतरचे होत. 3 मे 1969 रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांची कबर जामियाच्या आवारात आहे.

आज प्रसंग तितका बिकट राहिलेला नाही. जामियाला 1962 मध्ये विद्यापीठासमान दर्जा मिळाला आणि 1988 मध्ये ती केंद्रीय विद्यापीठ झाली. दोन्हींची पदवी आता सारखीच मान्य आहे. म्हणून कोणाचे नाव मोठे, या वादात घरातली संध्याकाळ घालवू नये. जो विषय शिकायचा तो कोठे चांगला शिकविला जातो, वसतिगृहात जागा मिळेल काय, तीन-चार वर्षांचा खर्च घराला झेपेल काय, आणि या शिक्षणातून पुढे कोणते काम करावयाचे आहे, हे प्रश्न कागदावर लिहून काढावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीनेच लिहावे. मामू-चाचांनी ते शांतपणे वाचावे.

विद्यार्थी मित्रांनो, सचखंड एक्सप्रेसने तुम्ही दिल्लीकडे निघाल, तेव्हा सामानाबरोबर ही एक गोष्ट न्या. झाकीर हुसेन यांनी जामिया निवडली आणि आयुष्यातील उमेदीची वर्षे तिला देऊन ती निवड सार्थ केली. पण अलीगढशी वैर धरले नाही. तुम्ही कोणतेही दार निवडा, आत गेल्यावर मन लावून शिका; आणि जे दार मागे राहिले, त्याच्याविषयी मनात आदर असू द्या. अल्लाह तुमच्या कष्टांना यश देवो.