बालगंधर्वांचा आवाज कोणाच्या मालकीचा? समजून घ्या रेकॉर्ड आणि कॉपीराइटचं गणित

नाट्यसंगीताच्या ग्रुपवर बालगंधर्वांचं गाणं येतं आणि आपण ते लगेच पुढे पाठवतो. कुणी तेच गाणं यूट्यूबवर टाकतं आणि त्यावर कॉपीराइटचा दावा येतो. १९६७ साली निधन झालेल्या गायकाच्या आवाजावर आज हक्क कोणाचा? बालगंधर्व हयात असताना तरी तो त्यांचा होता का?

नारायणाचे बालगंधर्व

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. पुण्यात लोकमान्य टिळकांनी या मुलाचं गाणं ऐकलं आणि त्याला बालगंधर्व म्हटलं, असं सांगितलं जातं. १९०५ मध्ये नारायणराव किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेतून रंगभूमीवर आले. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली, तरीही त्यांनी प्रयोग केला.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 'स्वयंवर'मधली रुक्मिणी (१९१६) आणि 'एकच प्याला'मधली सिंधू (१९१९) या भूमिकांनी ते घराघरांत पोहोचले. त्यांचं लुगडं नेसणं, केसांत गजरा माळणं याचीही नक्कल होऊ लागली.

चाली कुठून आल्या?

नाट्यसंगीत उभं राहिलं तेच देवाणघेवाणीवर. 'मानापमान'साठी टेंबे यांनी ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली आणल्या. 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखले यांनी रागदारीतल्या बंदिशींचा आधार घेतला. गुरूसमोर बसून ऐकायचं आणि तसंच गळ्यातून काढायचं, हीच शिकण्याची रीत होती. त्याला कुणी चोरी म्हणत नव्हतं.

तबकडी आली आणि मालक बदलला

ग्रामोफोनमुळे हे चित्र बदललं. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. रंगमंचावर वन्समोअर घेत रंगणारं पद तेवढ्यात बसवावं लागे. पण त्या तबकडीमुळे ज्यांनी कधी प्रयोग पाहिला नाही, त्यांच्यापर्यंतही हा आवाज गेला.

भारतात लागू झालेल्या १९१४ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रेकॉर्डिंगचा हक्क मूळ प्लेटच्या मालकाकडे, म्हणजे सहसा कंपनीकडे होता. मुदत होती ५० वर्षं. शब्दांचा हक्क नाटककाराकडे होता. गाणाऱ्याला कायद्याने स्वतंत्र हक्क दिलेलाच नव्हता. कंपनीशी करारात जे ठरेल, तेच त्याचं.

त्यामुळे बालगंधर्वांचा खरा आधार तिकीटविक्रीच राहिला. नाटकाच्या थाटमाटावर त्यांनी सढळ हाताने खर्च केला. अत्तर, भरजरी वस्त्रं, शिवाय साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवाँ. मंडळी कर्जात गेली, तेव्हा ते ओझं त्यांनी स्वतःवर घेतलं.

१९३० च्या दशकात बोलपट आले आणि नाटकांचा प्रेक्षक घटला. पुण्याच्या 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'मध्ये (१९३५) ते संत एकनाथांच्या भूमिकेत दिसले. पण पडद्यावर ते रमले नाहीत आणि पुन्हा नाटकाकडे वळले. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, तरी उतारवयात आजारपण आणि पैशांची चणचण होतीच. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

गायकाला हक्क केव्हा मिळाला?

१९५७ चा नवा कॉपीराइट कायदा आला, तेव्हा बालगंधर्व हयात होते. मात्र त्यातही कलाकाराच्या सादरीकरणाला संरक्षण नव्हतं. ते आलं १९९४ च्या दुरुस्तीने. परवानगीशिवाय सादरीकरण रेकॉर्ड करण्याला विरोध करण्याचा हक्क गायक-वादकांना पहिल्यांदा मिळाला. सुरुवातीला त्याची मुदत २५ वर्षं होती, १९९९ मध्ये ती ५० झाली. व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा वाटा आणि सादरीकरणाशी आपलं नाव जोडलं जाण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने दिला. आज हे हक्क साथीदारांनाही आहेत. बालगंधर्वांना मात्र यातला एकही मिळाला नाही.

आज काय चालतं, काय नाही?

• रेकॉर्ड : ध्वनिमुद्रणाची मुदत आता प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं आहे. त्यामुळे १९५० पूर्वी निघालेल्या बालगंधर्वांच्या तबकड्या आता सर्वांसाठी खुल्या आहेत.

• शब्द आणि चाली : त्यांची मुदत कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. 'मानापमान' आणि 'स्वयंवर'चे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, बखले १९२२ मध्ये आणि टेंबे १९५५ मध्ये. तिघांचीही मुदत संपली आहे. 'एकच प्याला' हे नाटक राम गणेश गडकरी यांचं असलं, तरी त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत. त्यामुळे तिथे वर्षं मोजायची ती गुर्जरांच्या मृत्यूपासून.

• नवी रेकॉर्डिंग : तेच पद आजच्या गायकाने गायलं असेल, तर त्या रेकॉर्डिंगवर नवा हक्क असतो. ते परवानगीशिवाय वापरता येत नाही.

• नव्याने साफ केलेल्या आवृत्त्या : कंपनीने काढलेल्या अल्बममधलं निवेदन किंवा मुखपृष्ठ यांचे हक्क वेगळे असू शकतात. घरातली जुनी तबकडी स्वतः डिजिटल करणं अधिक सुरक्षित.

• शिक्षा : हक्काचा जाणूनबुजून भंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

बालगंधर्वांची जुनी तबकडी आज कुणीही वाजवू शकतं, पुढे पाठवू शकतं. पण पाठवताना गायकासोबत कवी, संगीतकार आणि माहीत असतील तर साथीदारांचीही नावं लिहा. या कलाकारांना त्यांच्या काळी कायद्याने हक्क दिला नाही. निदान नावाचं श्रेय देणं आपल्या हातात आहे.