पाच जिल्ह्यांएवढी जमीन मागणारी बाई : डोरोथिया डिक्स

कामठी : घरातल्या माणसाचं मन बिघडलं की आपल्याकडे आधी देव-देव होते, मग गंडे-ताईत होतात. हे सगळं करून थकल्यावर नागपूरचा पागलखाना चौक गाठला जातो. तिथलं सरकारी मनोरुग्णालय १८६४ सालचं. गरिबाच्या उपचाराचा पैसा तिथे सरकारी तिजोरीतून येतो, यात आज कोणाला नवल वाटत नाही. पण वेड लागलेल्या गरिबाचा खर्च सरकारने का करावा, हा प्रश्न एकेकाळी अमेरिकेसारख्या देशातही विचारला जायचा. डोरोथिया डिक्स नावाच्या एका शिक्षिकेने चाळीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर सरकारला दिलं.

डिक्सबाईंचा जन्म ४ एप्रिल १८०२ चा, अमेरिकेतल्या मेन प्रांतातल्या हॅम्पडेन गावचा. वडील गावोगाव फिरून धर्मप्रचार करायचे, घराकडे लक्ष कमी. बाराव्या वर्षी डोरोथिया बोस्टनला आजीकडे आली आणि चौदाव्या वर्षी लहान मुलांची शाळा चालवू लागली. पुढे मुलांसाठी पुस्तकंही लिहिली. छातीच्या दुखण्याने प्रकृती कायम नाजूक. १८३६ मध्ये हवापालटासाठी इंग्लंडला गेल्या, तेव्हा मनोरुग्णांना साखळी न बांधताही सांभाळता येतं, ही चर्चा तिथल्या सुधारक मंडळींकडून त्यांच्या कानावर आली. लग्न केलं नाही. आजीच्या मागे थोडा पैसा मिळाला, त्यावर पुढचं आयुष्य भागलं.

खरी सुरुवात १८४१ च्या मार्च महिन्यात झाली. बोस्टनजवळच्या ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात बाया कैद्यांना रविवारचा धर्मपाठ शिकवायला त्या गेल्या. तिथे काही बाया अशा होत्या की त्यांनी कोणताच गुन्हा केलेला नव्हता. त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, एवढंच. त्यांना गुन्हेगारांसोबत कोंडलं होतं आणि हाडं गोठवणाऱ्या थंडीत खोलीत शेगडीसुद्धा नव्हती. वेड्यांना थंडी वाजत नाही, असं तिथल्या लोकांचं म्हणणं. डिक्सबाई थेट कोर्टात गेल्या आणि शेगडी लावून घेतली.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर आज त्यांचं नाव कोणी घेतलं नसतं. पण मॅसॅच्युसेट्स राज्यातले तुरुंग आणि गरिबांना ठेवायची घरं त्यांनी एकामागून एक पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी वही सोबत. कोणत्या गावात, कोणत्या कोठडीत, कोण, कशा अवस्थेत, सगळं टिपलं. कुठे तळघरात, कुठे पिंजऱ्यात, कुठे जनावरांच्या गव्हाणीशेजारी माणसं उघडीनागडी बांधलेली. काही गावांत तर उलटा लिलाव चालायचा. गरीब आणि वेडसर माणसाला जो सर्वांत कमी पैशात सांभाळायला तयार, त्याच्या हवाली करायचं. आता कमी पैशात सांभाळणारा त्याला काय खाऊ घालत असेल, ते शेतकरी माणसाला सांगायची गरज नाही.

१८४३ मध्ये हा सगळा हिशोब त्यांनी विधिमंडळापुढे ठेवला. बाईमाणसाने तिथे उभं राहून बोलायचा काळ नव्हता, म्हणून सॅम्युएल हाऊ या आमदाराने तो मांडला. गावांची नावं आल्यामुळे पुष्कळ लोक चिडले, खोटं आहे म्हणाले. पण नोंदी पक्क्या होत्या. वूस्टरचं सरकारी मनोरुग्णालय वाढवायला पैसा मंजूर झाला.

मग तीच पद्धत दुसऱ्या राज्यांत. आधी पाहणी, मग लेखी निवेदन, मग आमदारांच्या गाठीभेटी. रेल्वे, बोट, घोडागाडी, मिळेल त्याने पहिल्या तीनेक वर्षांत सोळा हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास झाला. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाने मंजुरी दिली. नॉर्थ कॅरोलायनात १८४८ साली मात्र खर्चाच्या नावाने गाडी अडली. डिक्सबाई ज्या हॉटेलात उतरल्या होत्या तिथेच जेम्स डॉबिन या आमदाराची बायको आजारी होती. डिक्सबाईंनी तिची सेवा केली. मरताना तिने नवऱ्याकडून शब्द घेतला. अंत्यविधी उरकून डॉबिन सभागृहात परतले, बोलले, आणि ठराव पास झाला. त्या रुग्णालयाला आपलं नाव द्यायला डिक्सबाईंनी नकार दिला. टेकडीला आजोबांच्या आठवणीत डिक्स हिल म्हणू दिलं, तेवढंच.

दरवर्षी दरवर्षी हात पसरण्यापेक्षा कायमची सोय पाहिजे, हे त्यांना कळून चुकलं होतं. म्हणून त्यांनी केंद्र सरकारकडे जमीन मागितली. सरकारी जमीन राज्यांना द्यायची, ती विकून पैसा गुंतवायचा आणि व्याजावर गरीब मनोरुग्णांना पोसायचं. शेवटी मागणी १ कोटी २२ लाख २५ हजार एकरांची झाली. आपल्या नागपूर जिल्ह्यासारखे पाच जिल्हे बसतील एवढी. त्यातली १ कोटी एकर मनोरुग्णांसाठी, बाकी आंधळे आणि मुक्या-बहिऱ्यांसाठी. वर्षानुवर्षं खेटे घातल्यावर १८५४ मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक पास केलं. आणि राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी सही नाकारली. गरिबांना सांभाळणं राज्यांचं काम, केंद्राचं नाही, असं कारण दिलं. केंद्र-राज्य टोलवाटोलवी जुनीच म्हणायची!

त्या नकाराची किंमत पुढे दिसली. इमारती उभ्या झाल्या, पण रोजच्या डाळ-भाताची पक्की सोय राहून गेली. रुग्ण वाढत गेले, पैसा त्या मानाने वाढला नाही, आणि त्याच रुग्णालयांत पुढे माणसं कोंबली गेली.

आपल्याकडे हे लांबचं नाही. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी बांधायला मनाई केली. सरकारी ठिकाणी उपचार मिळणं हा हक्क ठरवला. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड असो की नसो, तिथे उपचार मोफत. हे कागदावर पक्कं आहे. तरी केंद्राच्या आरोग्य बजेटमधून मनाच्या आजारांना मिळतो तो वाटा एक टक्क्याच्या आसपासच. फोनवर सल्ला पाहिजे असल्यास टेली-मानसचा १४४१६ नंबर मोफत आहे.

नकारानंतर डिक्सबाई युरोपात गेल्या. तिथेही स्वस्थ बसल्या नाहीत, स्कॉटलंडमधली दुरवस्था सरकारपुढे मांडून चौकशी लावली आणि १८५७ मध्ये तिथे नवा कायदा आला. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्या सैन्याच्या परिचारिकांच्या प्रमुख होत्या. स्वभाव कडक, डॉक्टरांशी खटके उडायचे. गुलामगिरीबद्दल मात्र त्या गप्पच राहिल्या, हेही खरं. युद्ध संपल्यावर पुन्हा मनोरुग्णालयांच्या फेऱ्या सुरू. तीसच्या वर रुग्णालयांच्या उभारणीत किंवा वाढीत त्यांचा हात होता असं मानतात.

१८८१ मध्ये प्रकृती फारच ढासळली. स्वतःचं घर असं नव्हतंच. त्यांच्याच खटपटीने उभ्या झालेल्या न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात राज्याने त्यांना राहायला खोल्या दिल्या. सहा वर्षं त्या तिथेच राहिल्या आणि जुलै १८८७ मध्ये तिथेच वारल्या.