आनंदीबाईंची शिफारसपत्रे

माझी मामेबहीण डॉक्टर झाली आणि गेले वर्षभर ती पत्रांच्या मागे आहे. अमेरिकेतील इस्पितळात निवासी डॉक्टर म्हणून, म्हणजे तिकडच्या भाषेत रेसिडेन्सीसाठी, अर्ज करायचा तर परीक्षेचे गुण पुरत नाहीत. आपले काम पाहिलेल्या तीन-चार डॉक्टरांची शिफारसपत्रे लागतात. ज्यांच्या हाताखाली काम केले ते बदलून गेलेले असतात. जे जागेवर असतात त्यांना चेहरा आठवत नाही. ज्यांना आठवतो ते मजकूर तूच लिहून आण, मी सही करतो असे सांगून मोकळे होतात. एका संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसलो असताना ती वैतागून विचारीत होती की, माझ्याविषयी दुसऱ्याने चार ओळी लिहाव्यात म्हणून मी किती उंबरठे झिजवायचे? मला उत्तर देता आले नाही. पण त्या दिवसापासून आनंदीबाई जोशी माझ्या मनातून हलल्या नाहीत.

सोलापूरच्या अंकात डॉक्टरवर लिहायचे आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर नाही, याचे काहींना नवल वाटेल. कोटणीस आपल्या गावचे, त्यांचा अभिमान आहेच. परंतु १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले ते चीनने मदत मागितली म्हणून. त्यांच्या मागे काँग्रेस होती, देश होता. आनंदीबाईंना कोणी बोलावले नव्हते. त्यांना दार ठोठवावे लागले, आणि तेही पत्रांनी.

कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना ३१ मार्च १८६५ रोजी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाले. ते संगमनेरचे, बिजवर, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि टपाल खात्यात नोकरीला. सासरी यमुनेची आनंदी झाली. गोपाळरावांना एकच ध्यास होता, बायकोला शिकवायचे. त्या काळी बायको पुस्तक घेऊन बसली तर नवऱ्याने मारावे ही रीत; इथे उलटे होते, ती अभ्यास सोडून स्वयंपाकघरात गेली तर मार बसे. हे विनोदाने सांगण्याची पद्धत आहे. मला त्यात विनोद दिसत नाही. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिताना आनंदीबाईंनी त्या मारहाणीची, घर सोडून जाण्याच्या धमक्यांची आठवण करून दिली आहे. आपल्या शिक्षणाचे श्रेय त्याला देत असतानाच दिली आहे. कृतज्ञता आणि व्रण या दोन्ही गोष्टी त्या एकाच कागदावर मांडू शकत होत्या, हे त्यांच्या चरित्रकारांनाही नेहमी साधलेले नाही.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज आणि स्त्री डॉक्टर नाही, या कोंडीत त्या काळी किती बाळंतिणी आणि किती अर्भके गेली याची मोजदाद कुणी ठेवली नाही. त्या दहा दिवसांतूनच डॉक्टर होण्याचा निश्चय झाला असे सांगतात.

पहिले पत्र मात्र त्याआधीचे, गोपाळरावांचे. १८७८ च्या सुमारास ते कोल्हापुरात होते. तिथल्या अमेरिकन मिशनऱ्यांशी त्यांची ओळख झाली आणि त्या धाग्याने त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकेत परतलेल्या मिशनऱ्याला लिहिले. पत्नीला शिकवायचे आहे, आपल्यालाही तिकडे एखादी नोकरी मिळेल काय, असा त्या पत्राचा रोख होता. उत्तर आले ते अटीसह. मदत करू, पण ख्रिस्ती व्हा. जोशी पतिपत्नींनी अट मानली नाही. वाइल्डरने हा पत्रव्यवहार आपल्या मिशनरी रिव्ह्यू या मासिकात छापून टाकला, आणि तिथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. आज आपण म्हणू की शिफारस नाकारली गेली.

परंतु नाकारलेला कागदही कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येईपर्यंत मासिके चाळत बसल्या होत्या. त्यांच्या नजरेस तो पत्रव्यवहार पडला. हिंदुस्थानातील एका लहान मुलीला शिकायचे आहे आणि तिला धर्माची अट घातली गेली आहे, एवढेच त्यांना कळले. त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले. मग तीन वर्षे ही पत्रे येत-जात राहिली. घर, सण, चालीरीती, बालविवाह, प्रकृती, सगळे त्यांत असे. आनंदीबाईंना ताप, डोकेदुखी, धाप यांचा त्रास होई तेव्हा कारपेंटरबाई अमेरिकेहून औषधे पाठवीत. या बाईंना आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या. एकमेकींचे तोंडही न पाहता जुळलेले हे नाते मला त्या सर्व चरित्रात सर्वांत खरे वाटते. कारपेंटरबाईंना त्यांच्याकडून काहीच नको होते, धर्मांतरही नको होते आणि नावलौकिकही नको होता.

दरम्यान गोपाळरावांची बदली कलकत्त्याकडे झाली आणि पुढे श्रीरामपूरला (बंगालमधील, आपले नगर जिल्ह्यातील नव्हे). तिथे थोबर्न नावाच्या अमेरिकन दांपत्याने फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाचे नाव सुचवले. स्त्रियांना वैद्यक शिकवण्यासाठी १८५० साली निघालेले ते महाविद्यालय. गोपाळरावांना निघणे शक्य नव्हते, तेव्हा पत्नीने एकटीने जावे असे ठरले. हे बाहेर पसरले आणि मग काय विचारता! घरावरून जाणारे थांबून पाहू लागले. स्वकीय म्हणाले धर्म बुडाला. मिशनरी म्हणाले बाप्तिस्मा घेतल्याशिवाय हिचे तिकडे कसे होणार. दोन्ही बाजूंना तिच्याविषयी बोलायचे होते, तिच्याशी कुणाला बोलायचे नव्हते.

म्हणून २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई स्वतः बोलायला उभ्या राहिल्या. वय अठराला महिना कमी, भाषा इंग्रजी, श्रोते देशी आणि गोरे दोन्ही. लोक जे प्रश्न पाठीमागे विचारीत तेच त्यांनी पुढे मांडले. अमेरिकेलाच का? इथे सोय नाही काय? एकटी का? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय? मद्रासला स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळू लागले होते हे त्यांना माहीत होते, पण तिथली सोय आपल्याला का पुरत नाही हे त्यांनी सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, हे त्यांचे म्हणणे होते. या भाषणानंतर वारे थोडे फिरले, देशभरातून वर्गणी आली. तरी प्रवासखर्चासाठी अंगावरचे सोने विकावे लागलेच.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. धक्क्यावर कारपेंटरबाई होत्या. तीन वर्षांचा पत्रव्यवहार त्या दिवशी समोर उभा राहिला.

आता ज्या पत्रासाठी मी हा सारा लेख लिहीत आहे ते पत्र. जूनच्या अखेरीस, रोझेलहून, आनंदीबाईंनी महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी अर्ज केला. आपण आज अर्ज लिहितो तेव्हा काय करतो? जे आहे ते फुगवतो, जे नाही ते झाकतो. आनंदीबाईंनी आधी उणे सांगितले. आपली पूर्वतयारी तुमच्या नियमाप्रमाणे पुरी नसेल, हे त्यांनी मान्य केले. मग आपले वय, येणाऱ्या भाषा, झालेला अभ्यास यांचा साधा हिशेब दिला. आणि नंतर सांगितले की आप्तांचा, जातीचा एकवटलेला विरोध ओलांडून ज्या निर्धाराने मी इथवर आले त्या निर्धाराचा काही विचार व्हावा. माझ्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांच्यासाठी मी मागते आहे. नवऱ्याच्या पत्रात त्या कुणाच्या तरी पत्नी होत्या. मिशनऱ्यांच्या लेखी त्या संभाव्य ख्रिस्ती होत्या. सनातन्यांच्या लेखी बुडता धर्म होत्या. या अर्जात प्रथमच त्या केवळ उमेदवार आहेत. आपली शिफारस त्यांनी आपणच केली आहे, आणि ती करताना स्वतःची स्तुती एका शब्दाने केलेली नाही.

महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही मिळाली. आनंदीबाईंना शिकवायला मिळालेल्या लोकांत मला या बाईंचे महत्त्व फार वाटते, कारण नियमात न बसणारा अर्ज वाचून त्यामागचा माणूस ओळखायला मोठेपणा लागतो. (आपल्याकडे तो कुठे आढळतो हे मी इथे लिहीत नाही, अंक प्राध्यापकही वाचतात.)

फिलाडेल्फियातील तीन वर्षे सोपी नव्हती. थंडी, साडी, शाकाहार, धूर कोंडणारी शेगडी. घटसर्पासारख्या दुखण्याने त्या एकदा मरणाच्या दारातून परतल्या आणि मागे क्षय दबा धरून बसला. १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली. तिघी पुढे डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. दहा दिवसांचे ते बाळ त्यांना विसरता आले नसावे, असे मला वाटते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोहोचले होते.

पदवीनंतर इस्पितळातील प्रत्यक्ष अनुभव हवा होता, म्हणजे माझी बहीण ज्यासाठी धडपडते आहे तेच. त्यासाठी त्या बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटलमध्ये गेल्या. ते इस्पितळच स्त्री डॉक्टरांना शिकायला जागा मिळावी म्हणून स्त्रियांनी चालवलेले होते. पण शरीर आता ऐकत नव्हते, काम अर्ध्यावर सोडावे लागले.

आणि अशा वेळी कोल्हापूरहून पत्र आले. ज्या कोल्हापुरातून १८७८ मध्ये गोपाळरावांनी मदतीची याचना केली होती त्याच संस्थानच्या दिवाणांनी आता आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्री-विभागाची जबाबदारी डॉ. आनंदीबाई जोशी यांना देऊ केली होती. धर्म विचारलेला नव्हता. नवऱ्याच्या नोकरीचा प्रश्न नव्हता. आजचे सी. पी. आर., कोल्हापूरकरांचा थोरला दवाखाना, ते हेच इस्पितळ. आनंदीबाईंनी ही नेमणूक स्वीकारली.

ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या न्यूयॉर्कहून निघाल्या, नोव्हेंबरच्या मध्यास मुंबईत उतरल्या. स्वागत झाले, वाळीत टाकण्याची भाषा करणारे कुठे दिसले नाहीत. पण कोल्हापूरला रुजू होणे घडले नाही. पुण्यात वैद्यांचे, डॉक्टरांचे उपचार चालले, उतार पडला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. बावीस पुरे व्हायला महिना राहिला होता. एकाही रुग्णाला त्यांनी आपल्या देशात डॉक्टर म्हणून तपासले नाही. हे वाक्य लिहिताना जड जाते, पण गौरवाच्या भरात ते अनेकदा गाळले जाते म्हणून लिहिले पाहिजे.

त्याच वर्षी अमेरिकेत पंडिता रमाबाईंचे हिंदू उच्चवर्णीय स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला प्रस्तावना लिहिली ती डीन बॉडलींनी, आणि रमाबाईंची ओळख अमेरिकन वाचकांना करून देताना त्यांनी आनंदीबाईंची हकीकत सांगितली. रमाबाई फिलाडेल्फियाला आल्या होत्या त्या या पदवीदानासाठीच. पुस्तकाने आणि रमाबाईंच्या व्याख्यानांनी तिकडे मदतीचा ओघ सुरू झाला व मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी शारदासदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती.

गोपाळरावांनी आनंदीबाईंची रक्षा कारपेंटरबाईंकडे पाठवली. पुणे ते न्यूयॉर्क हा मार्ग त्या दोघींच्या पत्रांच्या ओळखीचाच होता. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कारपेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, मावशीच्या माणसांमध्ये ती ठेवली गेली. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी नोंद तिथल्या दगडावर आहे. नावापुढे एम. डी. कोरलेले आहे.