फी कोण भरणार?

जून महिना आला की घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. मार्क किती पडले याची चर्चा दोन दिवसांत संपते, उरतो तो फीचा प्रश्न. उत्पन्नाचा दाखला, फीमाफीचा अर्ज, बँकेचे कर्ज, नाहीतर घरातले चार दागिने. या दिवसांत मला हटकून आठवतात ते कर्मवीर भाऊराव पाटील. गरिबाच्या मुलाची फी कोणी भरायची, या एकाच प्रश्नाच्या मागे हा माणूस जन्मभर लागला होता.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. वडील सरकारी खात्यात कारकून. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला जैन बोर्डिंगात राहिले. शाहू महाराजांचा सहवास लाभला, पण शाळेतली प्रगती बेताचीच. मॅट्रिकचा उंबरठा काही त्यांना ओलांडता आला नाही. पुढे ओगल्यांच्या काचसामानाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत ते गावोगाव हिंडले. मला वाटते, त्यांचे खरे कॉलेज हेच. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून नांगर विकताना त्याची पोरे शाळेत का जात नाहीत, हे त्यांना जवळून दिसले.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली. त्या काळी बोर्डिंगे होती, पण बहुतेक ज्या त्या जातीची. भाऊरावांनी सगळ्या जातींची मुले एका छपराखाली आणून एका पंगतीला बसवली. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

नाव मोठे झाले, तरी रोज चूल पेटवायची कशी? इथे लक्ष्मीबाईंचे नाव घ्यावेच लागते. मुले त्यांना वहिनी म्हणत. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई सगळ्या जातींच्या मुलांची आई झाली. धान्य संपले की एकेक दागिना घराबाहेर पडे. शेवटी मंगळसूत्रही गेले. 1930 मध्ये वहिनी वारल्या. कर्मवीरांच्या कार्याचा गौरव करताना आपण या सोन्याचा हिशेब फार घाईने उरकतो, असे मला वाटते. रयतच्या पहिल्या पिढीची फी एका बाईने अंगावरचे उतरवून भरली होती.

पण एका घरचे सोने किती दिवस पुरणार? गावोगावच्या बायकांनी मूठमूठ धान्य बाजूला काढावे, असा मुष्टिफंड सुरू झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलांनी स्वतः राबावे, हा मार्ग भाऊरावांनी धरला. साताऱ्याच्या धननीच्या बागेत मुले शेत करू लागली, स्वयंपाकपाणी पाहू लागली. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज याच पायावर उभे राहिले. कॉलेजातल्या मुलाने सकाळी कुदळ धरायची, माती वाहायची आणि मग हात धुऊन वर्गात बसायचे. 'कमवा आणि शिका' हे शब्द आज आपल्या तोंडी रुळले आहेत. त्या काळी मात्र लेखणी धरणाऱ्या हाताने घमेले उचलणे कमीपणाचे मानले जाई.

यात मुलांचे हाल नव्हते असे मी म्हणणार नाही. दमलेल्या अंगाने अभ्यास करणे सोपे नसते. शिवाय नुसत्या श्रमावर सगळे भागत नाही, हे भाऊरावही जाणून होते. म्हणून सरकारी अनुदानासाठी त्यांनी खेटे घातले. गांधीहत्येनंतरच्या काळात ते अनुदान थांबले, तेव्हा गाडगे महाराजांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला. पुढे ते पुन्हा मिळू लागले. गरजू विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी कर्ज देणारी पतपेढीही उभी राहिली. तिला नाव दिले लक्ष्मीबाईंचे. त्यांच्या बोर्डिंगातले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

1959 मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली आणि त्याच वर्षी 9 मे रोजी ते गेले.

विद्यापीठांतून 'कमवा आणि शिका' योजना आजही चालते. कुणी ग्रंथालयात पुस्तके लावतो, कुणी बागेला पाणी घालतो. अर्थात आजच्या इंजिनिअरिंगची किंवा डॉक्टरकीची फी दोन-तीन तासांच्या कामातून भरून निघणे शक्य नाही. तेवढ्यावर बोट ठेवून सरकारने नि समाजाने हात झटकले, तर तो कर्मवीरांच्या नावाचा गैरवापर ठरेल. त्यांनी मुलाला राबायला लावले, पण त्याआधी स्वतःचे घर रिकामे केले होते.

तरीही त्या थोड्या कमाईचे मोल मी कमी मानत नाही. मेसचे बिल स्वतःच्या पैशाने भरणारा मुलगा कुणाच्या दारात मान खाली घालून उभा राहत नाही. आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी कॉलेजातून येऊन असे काही काम करू लागली, तर लोक काय म्हणतील याची काळजी आईबापांनी करू नये. साताऱ्यात हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे.