जगदीशचंद्रांचा गॅलिना

अदृश्य लहरी निर्माण करणे एक वेळ जमेल, पण त्या आल्या हे ओळखायचे कशाने? जगदीशचंद्र बोस म्हटले की आपल्याला लाजाळूचे झाड आठवते. त्यांची उमेदीची वर्षे मात्र या दुसऱ्याच प्रश्नामागे गेली.

१८५८ मध्ये मैमनसिंग (आता बांगलादेशात) येथे त्यांचा जन्म झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. तरीही मुलाला त्यांनी आधी बंगाली शाळेत घातले. निजामी राजवटीत उर्दू माध्यमातून शिकलेल्या आपल्या नांदेड-लातूरकडच्या जुन्या पिढीला या निर्णयाचे मोल सांगावे लागले नसते. केंब्रिजहून परतल्यावर १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा कमी पगार देऊ केला म्हणून तीन वर्षे त्यांनी पगारच घेतला नाही. शिकवणे मात्र चुकवले नाही. अखेर सरकारला मागील बाकीसह पूर्ण वेतन द्यावे लागले.

१८९४ मध्ये त्यांनी विद्युतलहरींचे संशोधन हाती घेतले. हर्ट्झच्या लहरी लांबलचक होत्या. प्रकाशाप्रमाणेच त्या वळतात, परावर्तित होतात हे मेजावर दाखवायचे तर लहान लहरी हव्यात. बोसांनी त्या ५ मिलिमीटरपर्यंत आणल्या, म्हणजे सेकंदाला ६० अब्ज कंपने! १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी अशा अदृश्य लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली.

खरी अडचण होती डिटेक्टरची. त्या काळी धातूचा कीस भरलेली काचेची नळी वापरीत. लहर आली की कण एकमेकांना चिकटत आणि विजेचा प्रवाह वाहू लागे. पण टिचकी मारल्याशिवाय ते सुटत नसत. शिवाय आज चालेल ती नळी उद्या चालेलच याचा भरवसा नाही. बोसांनी कीस टाकून देऊन पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा ओळीने बसविल्या आणि त्यांवरचा दाब स्क्रूने कमी-जास्त करता येईल अशी सोय केली. बंगालची दमट हवा लोखंडाला गंज चढवी, तेव्हा तोही उपाय पुरेना. मग त्यांनी एकामागून एक पदार्थ तपासले आणि शेवटी गॅलिना या शिशाच्या खनिजावर धातूचे टोक टेकवून पाहिले. हा डिटेक्टर टिचकीवाचून आपोआप पूर्वस्थितीला येई. प्रकाशालाही प्रतिसाद देई.

शोधातून पैसा मिळवणे बोसांना रुचत नव्हते. मित्रांच्या आग्रहाखातर १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज झाला, १९०४ मध्ये पेटंट मिळाले. त्यांनी त्याचा लाभ घेतला नाही. हे थोर खरे, पण प्रयोगशाळेसाठी पै-पै जमवणाऱ्याने घेतला असता तरी कोणी नावे ठेवली नसती, असे मला वाटते.

साधारण ३ मिलिमीटरपासून खाली टेराहर्ट्झ लहरींचा प्रदेश सुरू होतो, म्हणजे बोसांच्या शेजारीच. तिथेही डिटेक्टर निवडणे अवघडच. द्रव हेलियमने थंड केलेला बोलोमीटर अत्यंत मंद किरणही टिपतो, पण तो सांभाळणे खर्चिक. शॉट्की डायोड साध्या तापमानावर झटपट चालतो, मात्र कंपने वाढत जातात तसा तो उणा पडतो. अर्धवाहकाला टेकलेला धातू, ही त्या डायोडची मूळ रचना गॅलिनाचीच आहे.

आपले डिटेक्टर सतत वापराने थकतात आणि विश्रांतीनंतर ताजे होतात, हे बोसांनी पाहिले होते. त्यावरून ते सजीव-निर्जीवांच्या प्रतिसादाकडे वळले. १९०२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. शरीरशास्त्रज्ञांनी विरोध केला, तरी उरलेले आयुष्य त्यांनी वनस्पतींना दिले. १९१७ मध्ये कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.