मूठभर हॉप्स आणि 'स्टुडंट' नावाचा माणूस
स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला घाम फोडणारी टी-टेस्ट बिअरच्या कारखान्यात जन्मली. ती जन्माला घालणाऱ्या माणसाला मात्र स्वतःचं नावही लावता आलं नाही.

राळेगावच्या कापूस मार्केटात गाडी लागली की व्यापारी काय करतो, हे तुम्ही लहानपणापासून बघत आलात. मूठभर कापूस उचलतो, दाबून ओल बघतो, बोटांनी धागा ओढून लांबी बघतो आणि भाव पुकारतो. गाडीत माल वीस क्विंटल, बघितला मूठभर. आणि त्या मुठीवर घरचं वर्षाचं गणित ठरतं.

मग मुठीवरून गाडीचा अंदाज कितपत खरा मानायचा? याचं पहिलं धड उत्तर ज्या माणसानं दिलं तो कापसातला नव्हता, विद्यापीठातलाही नव्हता. तो बिअर बनवायचा. तुम्ही बीएस्सी करत असा, अ‍ॅग्री करत असा नाहीतर बीकॉम, त्याचं टोपणनाव तुमच्या वहीत कुठेतरी असणारच. स्टुडंट! टी-टेस्टवाला स्टुडंट. खरं नाव विल्यम सीली गॉसेट.

आधीच सांगतो, ही बिअरची जाहिरात नाही. वर्धा नदी ओलांडली की दारूबंदीचा जिल्हा लागतो, आणि दारूनं घरं कशी बसतात हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. गोष्ट आहे ती थोडक्या पुराव्यावर निकाल देण्याची.

डोळे कच्चे, डोकं पक्कं

गॉसेटचा जन्म १३ जून १८७६ चा, इंग्लंडमधल्या कँटरबरीचा. वडील ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी. पोरानंही तिकडेच जायचं ठरलं होतं, पण नजर कमजोर निघाली आणि तो रस्ता बंद झाला. मग ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकला, दोन्हींत पहिला वर्ग मिळवला. १८९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला लागला.

गिनेस तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या ब्रुअरींपैकी एक. पिढ्यान्‌पिढ्या अनुभवावर चाललेला धंदा आता शास्त्रावर चालवायचा, असं कंपनीनं ठरवलं होतं आणि त्यासाठी ऑक्सफर्ड-केंब्रिजची पोरं भरती केली जात होती. आजच्या भाषेत कॅम्पस प्लेसमेंटच म्हणा.

नाकाचा भरवसा किती?

बिअरला लागतं बार्ली, पाणी, यीस्ट आणि हॉप्स. हॉप्स म्हणजे भांगेच्याच कुळातल्या एका वेलीची हिरवी बोंडं. आत पिवळी, चिकट भुकटी असते. बिअरचा कडवटपणा आणि वास तिचाच, आणि बिअर लवकर नासत नाही तीही तिच्यामुळेच. इंग्लंडहून महिनोन्‌महिने समुद्रातून मुंबई-कोलकात्याला येणाऱ्या बिअरमध्ये म्हणूनच हॉप्स जास्त घालत. पुण्या-मुंबईतल्या क्राफ्ट बिअरच्या ठिकाणी ज्या कडवट आयपीएची चलती आहे, तिच्यातला 'आय' म्हणजे इंडियाच.

हॉप्स पारखायची जुनी रीत आपल्या मार्केटसारखीच. जाणकार माणूस मूठभर बोंडं तळहातावर चोळायचा, नाकाला लावायचा, रंग बघायचा आणि निकाल द्यायचा. गिनेसच्या रसायनशास्त्रज्ञांनी नाकाऐवजी मोजमाप सुरू केलं. हॉप्समध्ये मऊ रेझिन, म्हणजे राळ, किती टक्के आहे ते बघायचं. पण प्रत्येक तपासणीला वेळ लागे, पैसा लागे. त्यामुळे नमुने मोजकेच आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. एका ढिगाची सरासरी दुसऱ्यापेक्षा थोडी जास्त आली, तर तो माल खरंच चांगला की नुसता योगायोग? लाखोंची खरेदी त्यावर अवलंबून.

त्या काळचं संख्याशास्त्र इथं हात वर करायचं. त्याची सगळी सूत्रं शेकडो-हजारो नमुन्यांसाठी होती. चार-सहा नमुन्यांवर ती लावली की ती खोटा आत्मविश्वास देत.

एक उदाहरण करून बघा. समजा हॉप्सच्या चार नमुन्यांत राळ निघाली ७, ८, ९ आणि ८ टक्के. सरासरी ८. जुन्या पद्धतीनं, १.९६ नं गुणून, तुम्ही म्हणाल की खरी सरासरी बहुतेक ७.२ ते ८.८ च्या मधे असेल. गॉसेटच्या हिशेबानं चार नमुन्यांना गुणक लागतो ३.१८. म्हणजे पट्टा होतो ६.७ ते ९.३. आकडे तेच, पण आता ते आपली कच्ची बाजूही कबूल करतात. नमुने दहा झाले की गुणक २.२६ वर येतो, तीस झाले की जवळपास २.०५ वर. माहिती वाढेल तसा भरवसा वाढतो, आणि नेमका किती वाढतो तेही कळतं.

तीन हजार पुठ्ठे

हे त्यानं शोधलं कसं? १९०४ मध्ये त्यानं कंपनीला अहवाल दिला की चुकांचं गणित ब्रुअरीला शिकावंच लागेल. १९०५ च्या उन्हाळ्यात तो सायकल मारत त्या काळचे मोठे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसन यांना भेटायला गेला. पुढच्या वर्षी कंपनीनं त्याला लंडनला त्यांच्या प्रयोगशाळेत शिकायला पाठवलं. पिअरसनना लहान नमुन्यांत फारसा रस नव्हता. त्यांच्याकडे हजारोंनी मोजमापं असत, गॉसेटची अडचण त्यांची अडचणच नव्हती. १९०७ मध्ये गॉसेटचा पहिला पेपर आला, यीस्टच्या पेशी मोजताना होणाऱ्या चुकीवर. मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला हिमोसायटोमीटरच्या चौकटी मोजून डोळे दुखले असतील, तर तो तुमचाच भाऊबंद समजा.

१९०८ चा पेपर म्हणजे आजची टी-टेस्ट. सूत्र बसवलं, पण ते खरं चालतं का हे बघायचं होतं. कॉम्प्युटर तर नव्हता. त्यानं छापून आलेली ३००० कैद्यांची मोजमापं घेतली, उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी. ती पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे पत्त्यांसारखे पिसले आणि चार-चार करत उचलले. ७५० गट झाले. प्रत्येकाचा हिशेब हातानं! सूत्र बऱ्यापैकी जुळलं.

छापायची वेळ आली तेव्हा कंपनीची अट आडवी आली. धंद्याची गुपितं फुटू नयेत म्हणून कर्मचाऱ्यानं स्वतःच्या नावानं काही छापायचं नाही. म्हणून लेखक झाला 'स्टुडंट'. पुढं तीस वर्षं तो जवळपास सगळं याच नावानं लिहीत राहिला.

दोन भांडखोरांचा एक मित्र

पेपर आला आणि फार कुणाला त्याची दखलही घ्यावीशी वाटली नाही. १९१२ मध्ये केंब्रिजच्या एका पोरानं त्याच्या सूत्राची नीट सिद्धता लिहून पाठवली. गॉसेटला ती पूर्ण झेपली नाही, पण त्यानं ती पुढं पिअरसनकडे पाठवली. ते पोरगं म्हणजे रोनाल्ड फिशर. फिशरनं १९२५ च्या आपल्या पुस्तकातून टी-टेस्ट जगभर नेली. पिअरसन आणि फिशर यांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे, गॉसेट मात्र दोघांचाही मित्र राहिला.

मैत्री होती म्हणून तो फिशरपुढं मान डोलवत नव्हता. आयर्लंडच्या शेतांवर बार्लीच्या वाणांची वर्षानुवर्षं तुलना करून त्याची मतं पक्की झाली होती. प्रयोगातले प्लॉट चिठ्ठ्या टाकून ठरवावेत, हे फिशरचं म्हणणं. जमिनीचा कस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बदलतो हे दिसत असताना वाण समतोल आखून पेरावेत, हे गॉसेटचं. शेवटच्या वर्षापर्यंत हा वाद चालला. आणखी एक गोष्ट तो सोडत नसे. फरक खरा आहे एवढ्यावर थांबू नका. फरक केवढा आहे आणि त्यातून शेतकऱ्याच्या, कारखान्याच्या हातात पैसे किती पडतात, तेही बघा.

१९३५ मध्ये लंडनजवळच्या नव्या गिनेस ब्रुअरीची जबाबदारी त्याच्याकडे आली. १६ ऑक्टोबर १९३७ ला, ६१ व्या वर्षी, हृदयविकारानं तो गेला. मासेमारी, सुतारकाम आणि बागेत रमणारा माणूस. प्राध्यापक तो कधीच झाला नाही.

वऱ्हाडात काय उरलं?

त्याचं हत्यार मात्र आपल्या वावरापर्यंत आलं. १९४० च्या दशकात विनायक पानसे यांनी वऱ्हाडात कापसाच्या पीक कापणी प्रयोगांचं काम केलं. १९५४ मध्ये पानसे आणि साताऱ्याकडचे पांडुरंग सुखात्मे यांचं शेती संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक आलं. अ‍ॅग्रीच्या लायब्ररीत ते अजून सापडतं. पीकविम्याच्या वेळी मंडळातल्या मोजक्या प्लॉटवरून सगळ्यांचं नुकसान ठरतं, तो प्रश्न गॉसेटच्या हॉप्सचाच आहे.

चवीचंही तेच. एक घोट घेऊन पाच स्टार देणारा आणि मुठीवर भाव पुकारणारा, दोघं एकाच माळेचे मणी. तुम्हाला करून बघायचं असेल तर बिअर नको, टपरीवरचा चहा पुरे. मित्राला तीन कप द्या, दोन एका टपरीचे, एक दुसऱ्या टपरीचा. वेगळा कुठला ते ओळखू दे. ब्रुअरीतही चव अशीच तपासतात. एकदा बरोबर आला तर नाचू नका, नुसत्या अंदाजानंही तीनात एकदा जमतं. सलग चारदा जमलं तर मात्र माना, कारण अंदाजानं ते ८१ वेळात एकदाच होतं.

आणि येत्या हंगामात कृषी केंद्रात कुणी एका वावराचा उतारा सांगून बियाण्याची बॅग गळ्यात मारू लागला, तर तीन गोष्टी विचारा. वावरं किती होती? शेजारी दुसरं बियाणं त्याच जमिनीत, त्याच पाण्यावर लावलं होतं का? आणि फरक एकरी किती रुपयांचा? एवढं विचारलंत की टी-टेस्टचे निम्मे मार्क तिथंच मिळाले म्हणून समजा.