फ्रेडी मर्क्युरी व त्याचे तीन सोबती

सह्याद्रीच्या माथ्यावर, कृष्णेच्या खोऱ्याकडे पाहत वसलेल्या पांचगणीस शाळांचें गांव म्हणतात. तेथील वसतिगृहांत दूरदूरचीं मुलें येऊन राहतात, थंडीनें कुडकुडत पहांटे उठतात, घरच्या पत्राची वाट पाहतात, आणि शिक्षण संपलें कीं चारी दिशांस निघून जातात. १९५५ सालीं अशाच मुलांत आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावरून तो बोटीनें मुंबईस आला व तेथून घाट चढून सेंट पीटर्स शाळेंत पोहोंचला. त्याचें नांव फरोख बोमी बलसारा. पुढें साऱ्या जगानें त्यास फ्रेडी मर्क्युरी या नांवानें ओळखलें.

त्याच्या गळ्याविषयीं व भपकेदार पोषाखांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस या लेखांत त्याच्या चरित्रांतील एकच धागा विशेषेंकरून हातीं घ्यावयाचा आहे. मनांत घोळणारें संगीत ज्यांच्याबरोबर गातां येईल असे सोबती त्यास कसे मिळाले, आणि त्या संगीतास शोभेल असा गिटारचा नाद कोठून आला, हा तो धागा होय. गळा त्यास जन्मतःच मिळाला होता. सोबती मात्र शोधावे लागले, आणि शाळेंतील पहिल्या वाद्यवृंदापासून मोजलें तर त्या शोधांत तेरा वर्षें गेलीं.

फरोखचा जन्म झांझिबारच्या स्टोन टाऊनमध्यें ५ सप्टेंबर १९४६ रोजीं झाला. घराणें मूळचें गुजराथेंतील बलसारचें, म्हणून आडनांव बलसारा. वडील ब्रिटिश सरकारच्या कचेरींत रोखपाल होते. शाळेंत सोबत्यांनीं फरोखचें फ्रेडी केलें, व तें नांव त्यानें आनंदानें पत्करलें. तोंडांत चार दांत अधिक असल्यामुळें त्याचे वरचे दांत पुढें आले होते, व त्यावरून मुलें त्यास चिडवीत. पुढें हातीं पैसा आल्यावरही त्यानें ते दांत काढविले नाहींत. त्यामुळें आवाज बदलेल अशी धास्ती त्यास वाटे.

अभ्यासांत तो सामान्यच होता, परंतु रेडिओवर एकदां ऐकलेलें गाणें लगेच पियानोवर वाजवून दाखवीत असे. मुख्याध्यापकांनीं हें हेरलें व त्याच्या आईबापांस पत्र लिहून, थोडी अधिक फी भरून मुलास संगीताचें शिक्षण देण्याविषयीं सुचविलें. रोखपालाच्या पगारांतून परदेशीं असलेल्या मुलाच्या खर्चांत आणखी भर घालणें सोपें नव्हतें. तरी त्यांनीं होकार दिला. अशा पत्रास किती घरांतून नकार जात असेल, याचा विचार आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. फ्रेडी पियानोच्या चौथ्या परीक्षेपर्यंत गेला.

१९५८ च्या सुमारास त्यानें व चार मित्रांनीं मिळून शाळेंत 'हेक्टिक्स' नांवाचा वाद्यवृंद उभा केला. साहित्य कसलें म्हणाल, तर चहाच्या रिकाम्या खोक्यास काठी व तार जोडून खर्जाचें वाद्य केलेलें! शाळेच्या समारंभांत हीं मुलें एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिट्ल रिचर्ड यांचीं गाणीं वाजवीत. नवल असें कीं, पुढें लाखोंच्या समुदायास एका हाताच्या इशाऱ्यानें गावयास लावणारा हा मुलगा तेथें मुख्य गायक नव्हता. तो मागें पियानोवर बसे. शाळा सुटली, मुलें पांगलीं, आणि वाद्यवृंदही तेथेंच संपला.

१९६३ सालीं फ्रेडी झांझिबारला परतला, आणि पुढच्याच वर्षीं, जानेवारी १९६४ मध्यें, तेथें रक्तपाती क्रांति झाली. हजारों अरब व हिंदी लोक मारले गेले किंवा देशोधडीस लागले. बलसारा कुटुंबानेंही बेट सोडलें, व तें लंडनच्या विमानतळानजीक फेल्टम येथें एका लहानशा घरांत येऊन राहिलें. सतरा वर्षांचा फ्रेडी आधीं आयझल्वर्थ येथें व नंतर ईलिंग येथील कलाशाळेंत चित्रकला शिकूं लागला. अधूनमधून विमानतळावर सामान उचलण्याचेंही काम त्यानें केलें. मुलानें एखादा भरंवशाचा व्यवसाय धरावा ही आईबापांची इच्छा होती, आणि एकदां सर्वस्व गमावून आलेल्या माणसांस तसें वाटल्यास त्यांस बोल लावतां येत नाहीं.

ईलिंग येथें टिम स्टाफेल नांवाचा एक विद्यार्थी त्याच्याबरोबर शिकत होता. तो 'स्माइल' नांवाच्या तिघांच्या संघांत गात असे. या संघांत गिटार वाजविणारा ब्रायन मे हा इंपीरियल कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकत होता. ढोल वाजविणारा रॉजर टेलर दंतवैद्यकाचा विद्यार्थी. मे व स्टाफेल यांनीं १९६८ सालीं कॉलेजच्या फलकावर जाहिरात लावली होती, ती वाचून तो आला होता. फ्रेडीनें हा संघ ऐकला आणि आपणांस हवें तें हेंच अशी त्याची खूणगांठ पटली. परंतु तेथें गायकाची जागा रिकामी नव्हती. तेव्हां तो काय करी? त्यांच्या प्रयोगांना जाई, मागें उभा राही, आणि संपल्यावर त्यांनीं काय घालावें, कसें उभें राहावें, याविषयीं न विचारतां सल्ला देई.

मध्यंतरीं त्यानें दुसरीकडेही प्रयत्न केला. १९६९ मध्यें लिव्हरपूलच्या 'आयबेक्स' नांवाच्या संघांत तो गायक झाला. त्या संघानें नांव बदललें आणि कांहीं महिन्यांतच तो मोडला. मग जाहिरात पाहून तो आणखी एका संघांत शिरला. तोही लवकरच मोडला. पोटासाठीं टेलरबरोबर केन्सिंग्टन बाजारांत जुन्या कपड्यांचें दुकान मांडून तो बसत असे. १९७० च्या वसंतांत स्टाफेल 'स्माइल' सोडून गेला, आणि ज्या जागेकडे फ्रेडी इतके दिवस डोळे लावून होता ती रिकामी झाली. संघास 'क्वीन' हें नांव त्यानेंच दिलें. इतरांस तें विचित्र वाटलें, पण त्यानें हट्ट सोडला नाहीं. याच सुमारास त्यानें बलसारा हें आडनांव टाकून मर्क्युरी हें नांव घेतलें.

आतां त्या गिटारची कथा सांगितली पाहिजे, कारण ज्या नादानें फ्रेडीस ओढून घेतलें तो तिच्यांतून निघत होता. ब्रायनला चांगली विजेची गिटार विकत घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून १९६३ सालीं त्यानें व त्याचे वडील हॅरल्ड मे यांनीं ती घरींच बनविण्यास आरंभ केला. मानेसाठीं त्यांनीं एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचें शंभर वर्षांवरचें महोगनी लाकूड घेतलें. त्यास किडीनें भोकें पाडलीं होतीं, तीं आगकाड्यांनीं बुजविलीं. पडद्यांवरील खुणांसाठीं आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्यांच्या गुंड्या घांसून लावल्या. तारा सैल-ताठ करण्याच्या दांड्याला जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा बसविल्या, आणि दांड्याच्या टोंकाशीं विणकामाच्या सुईचें बोंड लावलें. सुमारें दोन वर्षें खपून हें वाद्य तयार झालें. त्यास खर्च आठ पौंडांच्या आसपास आला.

आंत मुद्दाम पोकळ कप्पे ठेवल्यामुळें लाकूडही तारांबरोबर कंप पावूं लागे. तारांखालीं तीन चुंबक-वेटोळीं बसविलेलीं होतीं, व प्रत्येकास दोन बटणें होतीं: एक चालू-बंद करण्याचें, दुसरें त्याचा प्रवाह उलटा करण्याचें. यांच्या निरनिराळ्या जुळणीमुळें एकाच गिटारींतून कधीं सनईसारखा अनुनासिक तर कधीं व्हायोलिनसारखा भरदार सूर निघे. वाजविण्याची नखी म्हणून ब्रायन सहा पेन्सांचें नाणें वापरी. नाण्याची दांतेरी कड तारेस घांसली कीं स्वराच्या आरंभास किंचित् खरखर येई, आणि जणूं कोणी शब्द उच्चारीत आहे असा भास होई.

तरी नाद पुरा साधला नव्हता. तो साधला दुसऱ्या एका गुणी माणसामुळें. रॉरी गॅलघर हा आयरिश गिटारवादक त्या काळीं लंडनमध्यें वाजवीत असे. एका रात्रीं प्रयोगानंतर ब्रायन त्यास गांठून, आपण हा आवाज कसा काढतां असें विचारता झाला. गॅलघरनें कांहींही न लपवितां आपलें साहित्य दाखविलें: व्हॉक्स कंपनीचा निर्वात नळ्यांचा एक ध्वनिवर्धक आणि वरचे स्वर तीव्र करून त्यांत सोडणारी एक लहानशी पेटी. ब्रायननें तसलेंच साहित्य मिळविलें. असा ध्वनिवर्धक पूर्ण चढविला असतां त्याच्या नळ्या ध्वनिलहरींचीं टोंकें बोथट करतात. त्यामुळें सूर घट्ट होतो व दीर्घकाळ टिकतो. घरची गिटार आणि हें यंत्र यांचें असें कांहीं जमलें कीं, पुढें जन्मभर ब्रायननें तें सोडलें नाहीं.

गायक, गिटार व ढोल जमले, परंतु खर्जाची बाजू लंगडी राहिली. बेस गिटारसाठीं वर्षभरांत तिघांस घेऊन पाहिलें. पहिला लवकरच कंटाळून गेला. दुसरा कांहीं महिने राहिला. तिसरा इतका उड्या मारी कीं, प्रेक्षकांचें लक्ष गायकाऐवजीं त्याच्याकडेच जाई, आणि दोन प्रयोगांनंतर त्यास निरोप मिळाला. हे तिघेही वाईट वादक होते असें नव्हे. संघांत तीन तापट, हट्टी व बोलघेवडे लोक आधींच होते. चौथा तसाच नको होता.

१९७१ च्या आरंभीं लेस्टरचा जॉन डीकन हा एकोणीस वर्षांचा मुलगा त्यांना भेटला. तो चेल्सी कॉलेजांत विद्युत्-तंत्र शिकत होता. पूर्वीं एकदां त्यानें 'क्वीन'चा प्रयोग पाहिला होता, व त्यास तो विशेष आवडला नव्हता! परीक्षेच्या दिवशीं तो आला, सांगितलेलें शांतपणें शिकला, नेटकें वाजविलें, आणि फारसा बोलला नाहीं. तिघांनीं एकमेकांकडे पाहिलें व शोध संपला. शिवाय बिघडलेलीं यंत्रें तो दुरुस्त करी, हा लाभ वेगळाच. रस्त्यावरील कचऱ्याच्या पिंपांत सांपडलेल्या एका तुटक्या रेडिओच्या भागापासून त्यानें एक इवलासा ध्वनिवर्धक बनविला. ब्रायनच्या गिटारला तो जोडतांच तुताऱ्या, सनया व व्हायोलिन यांचा आभास निर्माण होऊं लागला. १९७५ च्या एका ध्वनिमुद्रिकेंत तर ब्रायननें त्यावर संपूर्ण जॅझ वाद्यवृंद उभा केला आहे.

१९७३ सालीं त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या वेष्टनावर त्यांनीं अभिमानानें छापलें होतें कीं, यांत कृत्रिम स्वर काढणारें सिंथेसायझर यंत्र कोणीही वाजविलेलें नाहीं. आरंभीं वृत्तपत्रांनीं त्यांची टरच उडविली. परंतु १९७५ सालीं फ्रेडीनें रचलेलें 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हें जवळजवळ सहा मिनिटांचें गीत आलें. इतकें लांब गाणें रेडिओवर कोण लावणार, असा व्यवहारी लोकांचा प्रश्न होता. गाण्याच्या मधल्या भागांतील मोठा समूह म्हणजे वस्तुतः फ्रेडी, ब्रायन व रॉजर हे तिघेच. एकाच फितीवर त्यांनीं आपले आवाज इतक्या वेळां चढविले कीं फीत झिजून पारदर्शक होऊं लागली. इंग्लंडमध्यें तें गीत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें.

हे चौघे प्रेमानें नांदले असें मात्र कोणीं समजूं नये. ते नित्य भांडत. ज्याचें गीत निवडलें जाई त्यास अधिक पैसे मिळत, व तबकडीच्या मागल्या बाजूवरील गाण्यासही पुढच्याइतकाच मोबदला असे. त्यामुळें गीतनिवड म्हणजे रणांगण होई. चौघेही उत्तम गीतें रचीत, त्या अबोल डीकनचें एक गीत १९८० सालीं अमेरिकेंत अग्रस्थानीं गेलें. अखेर १९८९ पासून रचनाकार म्हणून एकट्याचें नांव न देतां 'क्वीन' एवढेंच छापावयाचें त्यांनीं ठरविलें. हा शहाणपणा अठरा वर्षांनीं कां सुचला, आधीं कां नाहीं, असें आम्हांस वाटतें.

१३ जुलै १९८५ रोजीं लंडनच्या वेंब्ली मैदानावर इथिओपियांतील दुष्काळग्रस्तांसाठीं 'लाइव्ह एड' नांवाचा प्रचंड जलसा झाला. क्वीनच्या वांट्यास अवघीं वीस-एकवीस मिनिटें आलीं. फ्रेडीनें बाह्या नसलेला एक साधा गंजी घातला होता. पियानोवर आरंभ करून तो उठला, आणि सत्तर हजारांहून अधिक श्रोत्यांचे हात एका ठेक्यांत वर गेले.

पुढच्या वर्षानंतर त्यानें संघाबरोबर जलसा केला नाहीं. त्यास एड्स झाला होता, आणि त्या काळीं त्यावर परिणामकारक औषध नव्हतें. ही गोष्ट त्यानें तिघां सोबत्यांस सांगितली. बाहेरच्या जगास मात्र कळूं दिली नाहीं. वृत्तपत्रांचे लोक दाराशीं बसून असत, पण तिघांच्या तोंडून शब्द निघाला नाहीं. शक्ति ओसरत असतां तो स्वित्झर्लंडमधील माँट्रो येथें जाऊन गात राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजीं त्यानें आपला आजार जाहीर केला, व दुसऱ्या दिवशीं केन्सिंग्टन येथील घरीं तो वारला. वय पंचेचाळीस वर्षें. त्याच्या वृद्ध आईबापांच्या उपस्थितींत जरथुष्ट्री धर्माप्रमाणें त्याचे अंत्यसंस्कार झाले.

मागें राहिलेल्या फितींवर त्याचा आवाज होता, गाणीं मात्र अपुरीं होतीं. तिघांनीं कित्येक महिने त्या आवाजासमोर बसून आपापलीं वाद्यें वाजविलीं, आणि १९९५ सालीं ती शेवटची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. त्यानंतर दोनएक वर्षांनीं जॉन डीकननें संगीतव्यवसायच सोडला. ज्या जागेसाठीं एके काळीं एकामागून एक तिघे पारखले गेले, ती मग ब्रायन व रॉजर यांनीं कायमची म्हणून कोणासही दिली नाहीं.